गुलाबी दगडाचं पीठ

(प्रमिला उद्या लग्न होऊन धुळ्याला जाणार. तिची आत्या अक्का पेटी भरते आहे.)

प्रमिला : टाळू नकोस, अक्का. आई गेली ते साल तरी सांग.

अक्का : एकोणीसशे एकतीस. तू पाच वर्षांची. तुझी आई भिकुबाई इथे जळगावातच रतिलालशेठच्या गिरणीत पीठ चाळायला जायची.

प्रमिला : जोंधळ्याचं?

अक्का : दगडाचं, बाई. अजमेरकडून वॅगनी भरून गुलाबी दगड यायचा. शेठ त्याला फेल्स्पार म्हणायचे. हातोडी बसली की सपाट फुटायचा, चकचकीत. मधे गारगोटी असायची, ती वेडीवाकडी फुटते. बाया ती निवडून टाकायच्या, तरी थोडी राहायचीच. बठ्ठं, त्या गारगोटीसकट, दळून बरण्यांच्या कारखान्याला जायचं. लोणच्याच्या बरणीला ती चकाकी येते ना, ती त्याच पिठाची.

प्रमिला : आणि आई खोकायला लागली.

अक्का : मी ठरवून टाकलं, क्षय. तिचं ताट वेगळं, खाट मागच्या पडवीत. तुला सांगितलं, आईजवळ गेलीस तर मरशील.

प्रमिला : आबा काही बोलले नाहीत?

अक्का : पुना, तुझा बाप, माझ्यापुढे कधी बोललाय? वर्ष गेलं. मग तिला धुळ्याला नेलं. तिथला डॉक्टर आधी खाणीवर नोकरीला होता. थुंकी तपासली, काम विचारलं. म्हणाला, क्षय नाही, छातीत गारगोटीची धूळ बसली आहे. औषध नाही, पण ही बाधा दुसऱ्याला होत नाही.

प्रमिला : मग मला नेलंस तिच्याकडे? तिनं घेतलं मला? एवढंच सांग. मला तिचा हात आठवत नाही.

अक्का : धुळ्याहून आल्या आल्या तुला पडवीत नेलं. तू किंचाळलीस, माझी मान ओरबाडलीस. मी तुला गळ्यातून सोडवायला लागले, तर तीच म्हणाली, "पोर शे. तिले वढू नको."

प्रमिला : दुसऱ्या दिवशी?

अक्का : नऊ दिवस रोज नेलं. तू उंबऱ्यावरच बसायचीस. एकदा तिथेच झोपलीस. मी म्हटलं, भिकू, आता घे. ती म्हणाली, जागी झाली तर घाबरेल.

प्रमिला : म्हणजे नाहीच.

अक्का : नाही. दहाव्या दिवशी गेली.

प्रमिला : बाकीच्या बाया?

अक्का : सुंदरबाई दोन वर्षांनी गेली, तशीच खोकत. गिरणी बंद पडली, शेठ गाव सोडून गेले. पुनानं दुसरं लग्न केलं नाही.

प्रमिला : आणि तू?

अक्का : मी तुला वाढवलं. तू मला आई म्हणायला लागलीस, तेव्हा अक्का म्हणायला शिकवलं.