चौदा वर्षांत एकच ट्राय

— आणि तुझ्या बापाचं अजून तेच तुणतुणं? अठ्ठावीस वर्षं झाली, माइलीस! बस. त्या स्टुलावर नको, लंगडं आहे ते. मी बदकाची पिसं उपटत राहणार, चालेल ना? न चालून सांगतेस कुणाला.

ओदिलोन बार्थ! म्हणे रग्बीतला फॉरवर्ड. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ डोकी खुपसून रेटतायत, आणि हा कडेला असा टेकायचा, जसा बसथांब्याला टेकलाय. रेटायचं आम्ही, पहिल्या रांगेतल्यांनी. हा कान बघ माझा — कान आहे का हा? फुलकोबी! पुढून आठ दांडगे, मागून आपलेच रेटणारे, मधे माझी, या फिर्मां पेरूसची, मान. चौदा वर्षं — त्यातली अकरा पगारी. आणि मागे ते भांग पाडलेले, चेंडू आयता घेऊन पळणारे, पेपरात फोटो त्यांचा. थू.

मी ट्राय किती केले? एक. मला काय त्याचं कौतुक? काडीचं नाही. सोळा मे, अठ्ठ्याहत्तरावं मिनिट, डावा कोपरा, नदीपल्याड तुमच्याच मैदानावर — कौतुक नाही म्हणतोय ना! जिंकेल तो वरच्या गटात, अशी मॅच. चेंडू पोटाशी धरून रेषेपलीकडे आडवा झालो, अंगावर नऊ जण. चेंडू जमिनीला टेकला की ट्राय. पंच म्हणाला टेकला — विषय संपला! तर हा शहाणा बोंबलत उठला, 'टेकला नाही! खाली माझा हात होता!' त्याचेच लोक हसले. त्याचाच कप्तान म्हणाला, 'ओदिलोन, हरलास ना, मग गप बस.' पुढच्या मोसमात संघातून काढला त्याला. बेकरीवाली पाव देताना विचारायची, 'मधे हात नाही ना रे?' त्याला मी काय करू? मला त्याच आठवड्यात शहरातल्या क्लबाचं बोलावणं आलं, मी गेलो. रडका मेला. पुरुषासारखं गिळावं माणसानं. मी नाही गिळलं? — म्हणजे मार. मार गिळला म्हणतोय मी.

काय? त्याची बोटं? हो, वाकडीच राहणार ती, दोन्ही मोडली होती. कडकन वाजली — माझ्या छातीखाली, चेंडूच्याही खाली — मी त्याच्या कानात ओरडलो पण, 'काढ हात, गाढवा, मोडेल!' काढेचना. एवढा हट्टी, की —

अशी काय बघतेस?

तो आता उठत नाही म्हणालीस. बोलतो का? माणूस ओळखतो?

नाही. मी येणार नाही. काय येऊन सांगू — अकरा वर्षं मी कशावर जेवलो ते? हे बदक ने त्याला. राहिलेली पिसं तू काढ. नको? नको तर नको, उपकार झाले! त्याला सांग... काही सांगू नकोस. ऊठ. जा म्हटलं ना. आणि फाटक ओढून घे, बाकीची बदकं बाहेर जातात.