शटरला कुलूप नव्हते

नाव रविराज भावकू घाडी, वय ३१, धंदा जुन्या गाड्यांच्या आतील प्लास्टिकचे भाग नव्याने बनविण्याच्या शेडमध्ये काम, मूळ राहणार गर्लगुंजी, ता. खानापूर, सध्या निपाणी, जि. बेळगावी.

मी निपाणी येथील पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे. माझे कन्नड बाजारात बोलण्यापुरते आहे. ही हकीकत मला त्या भाषेत नीट सांगता येणार नाही, म्हणून मी मराठीत सांगतो आणि ती मराठीत लिहून घ्यावी अशी माझी विनंती मान्य झाली आहे.

मयत नीलम महादेव शिंत्रे, वय ३४, ही माझी थोरली बहीण. तिच्या नावापुढे मयत लिहू नये असे मी सांगितले होते. एकदा तरी लिहावे लागते, असे मला समजावून सांगितले. यापुढे नुसते नीलम लिहावे.

नीलमचे पती महादेव शिंत्रे हे माझे दाजी. ते पूर्वी बेळगावात बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात होते. पुढे त्यांनी निपाणीत हायवेलगत भाड्याने शेड घेऊन स्वतःचे काम सुरू केले. टप, म्हणजे छत, उघडणाऱ्या जुन्या परदेशी गाड्यांचे आतले प्लास्टिक आम्ही नवे करून देतो. टप उघडा ठेवून फिरल्यामुळे अशा गाड्यांत ऊन सरळ आत पडते. डॅशबोर्डवरचे कव्हर, दाराच्या वरच्या पट्ट्या, टप घडी होऊन बसतो तिथले झाकण, हे सगळे वाळते आणि चिरते. कंपन्यांनी हे भाग बनवणे कधीच बंद केले आहे. गोवा, पुणे, बंगळूर इथून लोक तुटके तुकडे पिशवीत घालून आणतात.

काम असे असते. तुटलेला भाग मागून फायबर लावून जोडायचा, चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायचा. घासल्यावर वरची चामड्यासारखी सुरकुती निघून जाते. ती पुन्हा उठवावी लागते. मग त्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा, साच्यात रेझिन आणि फायबर भरून नवा भाग ओतायचा आणि शेवटी रंग मारायचा. सुरकुतीचे आणि रंगाचे काम नीलम करायची. ती आधी बेळगावात एका खाजगी शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. दाजींनी तिला नोकरी सोडायला लावली, असे माझी आई नागुबाई हिने दाजींविरुद्ध दिलेल्या तक्रारीत सांगितले आहे. ते बरोबर नाही. नीलमने पहिला तुकडा सुट्टीत गंमत म्हणून केला होता. तो तिने दाजींना न विचारता घासला, तेव्हा ते रागावले होते. सुरकुती उठल्यावर मात्र ते बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले. नोकरी सोडायचे तिने स्वतः ठरवले.

ती मला डोळे मिटायला सांगायची आणि जुना तुकडा एका हातात, नवा दुसऱ्या हातात द्यायची. "सांग रवी, कुठला जुना?" माझे नेहमी चुकायचे. हे जबाबात लागत नाही असे साहेब म्हणाले. मी सांगितले म्हणून लिहिले आहे.

दोघांचे पटत होते का, असे विचारल्यावरून सांगतो की, भांडणे व्हायची. रंगावरून व्हायची. दाजींचे म्हणणे, गिऱ्हाइकाला इतका फरक कळत नाही. नीलमचे म्हणणे, उन्हात कळतो. मग ती तुकडा घेऊन रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहायची आणि दाजी तिच्या पाठोपाठ जायचे. मारहाण मी कधी पाहिली नाही, ऐकली नाही. ती माहेरी आल्यावर तसे काही बोलली नाही.

गुरुवारची हकीकत. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाची दोन दारांची लाल गाडी शेडबाहेर चिंचेखाली उभी होती. दाराच्या पट्ट्या तयार होत्या आणि दाजी त्या बसवत होते. डॅशबोर्डचे कव्हर तेवढे राहिले होते. त्याचा मूळ भाग इतका कुजला होता की साच्यातून काढताना त्याचे चार तुकडे झाले. म्हणजे साच्यातून निघालेले नवे कव्हर एवढेच हातात होते. नीलमने ते दोनदा रंगवले होते आणि दोन्ही वेळा हायवेची धूळ बसून खराब झाले होते. त्या दिवशी जेवण झाल्यावर ती दाजींना म्हणाली, "मी शटर खाली वडून घेते. तासभर कुणी आत यायचं न्हाय."

दाजी म्हणाले, "अगं आत वास कोंडतोय. थोडं वर राहू दे."

ती म्हणाली, "पंखा हाय की. धूळ बसली तर तुम्ही देणार हाय काय आणिक एक कव्हर काढून?"

दाजी हसले. शटर नीलमने आतून स्वतः खाली ओढले. मी समोर उभा होतो. ते जमिनीपासून वीतभर वर राहिले होते. बाहेरून कुणीही कुलूप लावले नाही. कुलूप किल्लीसह गाडीच्या मागच्या सीटवर पडले होते. ते आपण नंतर तिथूनच ताब्यात घेतले आहे.

आत काँप्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला. मी दाजींना पट्टीचे स्क्रू हातात देत होतो. थोड्या वेळाने शटरच्या खालून काळा धूर निघाला. आम्ही दोघेही पळालो. रेझिन पुसलेल्या चिंध्यांचा पत्र्याचा डबा शटरच्या आतल्या बाजूला असतो. रेझिन घट्ट करणारा हार्डनर लागलेल्या चिंध्या तापतात, म्हणून दाजी त्या डब्यात पाणी ओततात. त्या दिवशी पाणी होते की नाही हे मला माहीत नाही. आग चिंध्यांतून लागली की काँप्रेसरच्या बटणातून, हेही मला सांगता येणार नाही. मी शटरखालून वाकून पाहिले तेव्हा आग शटरजवळ होती आणि नीलम तिच्या पलीकडे होती. शेडला दुसरे दार नाही. मागे एक खिडकी आहे, तिला गज आहेत.

दाजींनी शटरला खालून हात घातला. शटर हातभर वर गेले आणि अडकले. उष्णतेने शटरच्या पट्ट्या फुगल्या होत्या. त्यांनी हात काढले नाहीत. मी शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून पहार आणायला पळालो. परत आलो तेव्हाही ते तसेच धरून उभे होते. पत्रा तापला होता. हाताची कातडी पत्र्याला लागून आली होती, ती मी पाहिली.

आतून नीलमचा आवाज येत होता. ती काय म्हणाली ते विचारल्यावरून सांगतो. ती म्हणाली, "अहो, सोडा ते. हात जळत्यात तुमचे." मग मला म्हणाली, "रवी, ह्यांना वड रं बाजूला."

मी दाजींना ओढले नाही. मी पहार घातली.

त्यानंतर आतून जे ऐकू आले ते लिहू नये, अशी माझी विनंती आहे. त्यात कुणाचे नाव नव्हते.

शटर एका बाजूने उचकटून निघाले. पंक्चरवाल्याने आणि रस्त्यावर थांबलेल्या ट्रकच्या क्लीनरने पाण्याचे कॅन ओतले. दाजी आत गेले. मी मागोमाग गेलो. तिला आम्ही दोघांनी बाहेर काढले. पुढचे पंचनाम्यात आहे.

अँब्युलन्समध्ये नीलम आडवी, दाजी शेजारी बसलेले आणि मी पायांकडे, असे होतो. तिला शुद्ध होती. ती बोलत होती. पतीबद्दल काही तक्रार केली का, असे विचारल्यावरून सांगतो की, केली नाही. तिने त्यांना हात दाखवायला सांगितले. त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, "काय न्हाय झालं. थोडं भाजलंय." मग ती कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला उद्या येऊ नका म्हणून फोन करा, असे म्हणाली. संकेश्वर मागे पडेपर्यंत ती बोलत होती. त्यानंतर बोलली नाही. दाजी मात्र बेळगाव येईपर्यंत तिच्याशी बोलत होते. रस्त्यात काय काय लागले ते तिला सांगत होते. कारखाना आला, घाट आला, असे.

बेळगावच्या दवाखान्यात तिला तपासून मयत घोषित केले. दाजींना दाखल करून घेतले. ते आजही तिथेच आहेत.

माझी आई आणि चुलते शामू घाडी त्याच संध्याकाळी दवाखान्यात आले. शेजारच्या कुणीतरी फोनवर शटर बंद होते एवढेच सांगितले होते. आईने मला विचारले, "शटर कुणी लावलं?" मी म्हणालो, "आक्कानं." आईला ते पटले नाही. ती म्हणाली, "पोरगी शिकवली, शाळंत लावली. त्यानं तिला प्लास्टिक घासाय बसवली. आणि आता ती आत आणि हा भाईर? कसा काय भाईर?"

मीही बाहेरच होतो.

आई दाजींना भेटली नाही. अंत्यसंस्कार गर्लगुंजीला झाले. दाजींना दवाखान्यातून सोडले नाही, त्यामुळे ते नव्हते. अग्नी मी दिला. परत येताना शामूकाकांनी मला ओढ्याजवळ थांबवले. ते म्हणाले, "वैनीनं केस घातलीया. आता तुझ्या जबाबावर हाय सगळं. कुलूप व्हतं म्हण. एवढा एक शब्द बोल, बाकी सगळं खरं सांग."

मी म्हणालो, "कुलूप न्हवतं, काका."

ते म्हणाले, "तुझ्या आईकडं बघवतंय काय तुला?"

ते माझ्यावर ओरडले नाहीत किंवा त्यांनी धमकी दिली नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

तरी मी पुन्हा सांगतो. शटरला कुलूप नव्हते. शटर नीलमने धुळीमुळे स्वतः ओढले होते. दाजींनी ते उघडण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत सोडला नाही. बहिणीच्या मृत्यूबाबत माझा दाजींवर किंवा आणखी कुणावर संशय नाही.

इथवरचा जबाब लिहून झाल्यावर, माझी आई बाहेर बाकावर शामूकाकांसोबत बसली आहे, हा जबाब तिला ऐकवावा, अशी मी विनंती केली. तसे सक्तीचे नाही, असे साहेबांनी सांगितले. मी म्हणालो, मला ते तिच्यासमोर सांगता आलेले नाही, लिहिलेले तरी तिने ऐकावे. त्यावरून आईला आत बोलावून खुर्ची देण्यात आली. हवालदारांनी सावकाश वाचले. ती पदर तोंडावर धरून बसली होती. मध्ये एकदाच तिने हात वर केला आणि हवालदारांना म्हणाली, "तेवढं परत वाचा. ती त्याला काय म्हणाली ते."

हवालदारांनी ते पुन्हा वाचले.

वाचून झाल्यावर शामूकाका म्हणाले, "वैनी, हा पोरगा दाजीला वाचवाय बघतोय."

माझ्याकडे न बघता आईने विचारले, "त्याचे दोन्ही हात गेल्यात काय रं?"

मी म्हणालो, "दोन्ही बांधल्यात. बोटं कितपत हालतील ते आत्ताच सांगता येत न्हाय म्हणं."

"मग त्याला जेवाय कोण घालतंय?"

मी सांगितले की, दाजींच्या घरी कुणी नाही. अंत्यसंस्काराला गावी जाईपर्यंत मी घातले. त्यानंतर दवाखान्यात मावशी म्हणून ज्या कामाला असतात, त्यांना वेळ मिळेल तेव्हा त्या घालतात.

आई उठली. शामूकाका म्हणाले, "चला, घराकडं जाऊ."

ती म्हणाली, "मला बेळगावला सोड. दवाखान्यात." काका जागचे हलले नाहीत तेव्हा ती म्हणाली, "न्हाय सोडत? मग यस्टीनं जाते."

तिने दिलेल्या तक्रारीबाबत ती काही बोलली नाही. ती तक्रार मागे घेईल की नाही हे मला माहीत नाही आणि मी तिला विचारले नाही. ती एकटीच स्टँडकडे गेली. माझी सही व्हायची होती म्हणून मी मागे थांबलो. ही हकीकतही माझ्या सांगण्यावरून जबाबात जोडली आहे.

वरील मजकूर, शेवटी जोडलेल्या हकीकतीसह, मला मराठीत वाचून दाखविला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. त्यात एक शब्दही वाढवायचा किंवा कमी करायचा नाही.

सही
रविराज भावकू घाडी