ब्लेझरने माझा गट सुधारला

नाही, हसू नका, आधी मला सांगा, कराटेत प्रकार किती? दोन! वीस नाही, बावीस नाही, दोन! एक कुमिते, म्हणजे समोरासमोर, तू मला मार, मी तुला मारते. आणि दुसरा काता, म्हणजे एकटीने उभं राहायचं आणि ठरलेले हात, ठरलेले पाय, ठरलेल्या क्रमाने हवेत फेकायचे... समोर चिटपाखरू नाही. एवढं लक्षात ठेवायला माणसाला किती अक्कल लागते हो? आणि माणूस कोण? तर आमच्या कराटे संघटनेचा सरचिटणीस! नऊ वर्षं खुर्चीला चिकटलेला! आम्ही मुली त्याला ब्लेझर म्हणतो. भर उन्हाळा असो, हॉलमधले पंखे बंद असोत, अंगातून उतरत नाही तो. खिशावर सोनेरी बिल्ला. मॅटवर बूट घालून फिरतो. कराटेतलं ओ की ठो कळत नाही, पण ब्लेझर? कडक इस्त्रीचा!

तर मी कुमितेवाली. अकरा वर्षं झाली. ही दोन बोटं बघा, वाकतात का? नाही वाकत. हा दात? खोटा. आई बर्फ लावता लावता म्हणायची, "मुलगी जन्माला घातली होती गं मी, हातोडा नव्हता." बडबडायची, पण बर्फ लावायची. गट माझा एकसष्ट किलोखालचा. आणि गेल्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, उपांत्य फेरीत, मी दोन गुणांनी पुढे, सहा सेकंद उरलेत... आणि समोरची ती उंच पोरगी, तिचा पाय आला तो थेट माझ्या कानावर! तीन गुण. खेळ खल्लास. एका गुणाने हरले हो मी! वर्षभर मला तोच पाय दिसत होता. आमचे सर झाडूचा दांडा माझ्या कानाशी आणायचे आणि मी खाली वाकून आत घुसायची. रोज शंभर वेळा. शेवटी शेवटी तर आई केर काढायला लागली तरी मी वाकायची! सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गुडघा बघता ही तुझी शेवटची मोठी स्पर्धा. त्या पोरीला गाठ आणि मोकळी हो."

त्यात वजन. चार किलो जास्त. महिनाभर उकडलेलं खाल्लं, बिनमिठाचं. शेवटचे दोन दिवस तर पाणीसुद्धा चमच्याने. आणि विमानात शेजारी कोण? ब्लेझर! दोन ट्रे घेऊन बसलाय. "तू खात नाहीस ना? मग तुझाही दे इकडे." पलीकडे त्याचा मेहुणा. मेहुणा कशाला? तर संघाचा मसाजवाला म्हणून! बाथरूमच्या फरशा विकतो तो! आणि आमचे सर कुठे? घरी. जागा नव्हती म्हणे. अकरा वर्षं ज्यांनी घडवलं ते घरी, आणि फरशीवाला खिडकीपाशी. मेहुण्यालाही ब्लेझर शिवला होता हो. तसाच, कडक इस्त्रीचा!

पोचलो. सकाळी वजनाची खोली. बाहेर रांग, सगळ्या जणी मोज्यांवर, चेहरे पांढरेफटक, कुणी कुणाशी बोलत नाही. आणि माझ्या पुढे तिसरी कोण? ती! उंच! तिने वळून माझ्याकडे बघितलं, नुसती भुवई उडवली. मीही उडवली. तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला. इतका आनंद मला कुठल्या लग्नातसुद्धा झालेला नाही!

माझा नंबर आला. टेबलावरची बाई यादीवर बोट फिरवतेय... वरून खाली... खालून वर... "तुमचं नाव नाही." म्हटलं नीट बघा. तिने दुसरा कागद काढला. "आहे की! महिला, काता. तुम्ही इथे कशाला आलात? कातात वजन करत नाहीत."

वजन करत नाहीत! महिनाभर बिनमिठाचं खाऊन आले हो मी!

धावत गेले ब्लेझरकडे. नाश्ता चालला होता. म्हटलं, सरांनी फॉर्मवर कुमिते लिहिलं होतं, काता कुणी केलं? तर हा तोंड पुसतो आणि म्हणतो, "अगं हो, ती चूक मीच सुधारली." सुधारली! "महिलांच्या रकान्यात मारामारी कशी? मला वाटलं, सरांचा हात चुकला. मुलींचं ते नाचासारखं असतं ना, ते लिहिलं." म्हटलं, अहो, अकरा वर्षं मी काय करतेय? तर म्हणतो, "कराटे! आणि हे काय, कराटेच आहे की! चिडतेस काय? उलट लागणार नाही काही." मेहुण्याने मान डोलावली. आता बदल होत नाही, आणि माघार घेतली तर म्हणे देशाची इज्जत जाते. इज्जत! ती याने फॉर्मवर खोडरबराने घालवली तेव्हा कुठे होती?

गेले मॅटवर. काय करता! लहानपणी पट्ट्याच्या परीक्षेला केलेला एकच काता आठवत होता, तोही अर्धा. आधी त्याचं नाव ओरडून सांगावं लागतं. ओरडले. नाव छान ओरडले. पहिले बारा हात बरोबर आले, आणि मग... कोरी पाटी! डावीकडे वळायचं की उजवीकडे? सात पंच समोर. मग मी डोळ्यांसमोर ब्लेझर आणला आणि सुटले. वाकले, आत घुसले, ठोसा, लाथ, ठोसा! वर्षभराचा सगळा सराव हवेवर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! कातात दोघी आळीपाळीने करतात आणि पंच झेंडा वर करून जिंकलेली ठरवतात; सातच्या सात झेंडे माझ्या जोडीतल्या दुसरीला गेले. बरोबरच केलं त्यांनी.

बाहेर आले तर ती उंच पोरगी उभी. सुवर्णपदक गळ्यात, चेहरा मात्र पडलेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू नव्हती. मी वर्षभर तुझ्यासाठी नवीन लाथ शिकले." मला दाखवलीसुद्धा, तिथेच, कॉरिडॉरमध्ये, पदक सांभाळत. आणि मी वाकले, आत घुसले, माझी मूठ तिच्या पोटाशी थांबली. ती बघतच राहिली. गुण कोण देणार? फक्त मेहुणा होता तिथे, पिशव्या घेऊन. रडले मी. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले.

परत आल्यावर सत्कार. कुणाचा? ब्लेझरचा! "यांच्या दूरदृष्टीने महिलांनी प्रथमच कातात पदार्पण केलं." शाल दिली. ती ब्लेझरवरूनच पांघरली त्याने, इस्त्री मोडू न देता!

गेल्या महिन्यात पुढच्या वर्षाची यादी लागली. महिला, काता: माझं नाव. महिला, कुमिते: रिकामं. पुढे टीप, "लायक खेळाडू उपलब्ध नाही." खाली त्याची सही. अर्ज केला, तर म्हणतो, "नियम आहे, मागच्या स्पर्धेत ज्या प्रकारात खेळलीस त्यातच." गुडघा म्हणतोय, फार तर अजून एकच वर्ष. घरी बसू? नाही बसवत हो मला.

मग काय... सोमवारपासून काताच्या वर्गाला जाते. वर्गात सगळ्या सात-आठ वर्षांच्या. माझ्या कमरेएवढी एक पोरगी आहे, ती मला पुढून बघते, मागून बघते, आणि सुस्कारा टाकून म्हणते, "मावशी, किती वेळा सांगू, डावा पाय आधी."

टाकते मग. डावा पाय आधी.