वसंतभाऊंनी विहिणीला मंगळ दाखवला

आमच्या शेजारचे वसंतभाऊ तुम्हाला ठाऊक आहेतच. लहानपणापासून ग्रहांचं वेड, कुठलं यान कुठं उतरलं ते तोंडपाठ. आणि नेमका त्यांच्याच पोरीच्या पत्रिकेत मंगळ निघाला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, पण मुलाची आई अडून बसली.

भाऊ त्यांना म्हणाले, "ताई, मंगळ म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघा, मग नाय म्हणा." मुरबाडहून जीप केली आणि सगळ्यांना अंतराळ संग्रहालयात नेलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये एक जागा होती.

मंगळाच्या गोळ्यापुढं भाऊ तासभर बोलले. "नुसते दगड नि धूळ. तो एवढ्या लांबून पोरीचं काय वाकडं करणार?"

बाई म्हणाल्या, "खरंय भाऊ. एवढासा तर आहे. माझी हरकत नाय."

भाऊंनी डोळे पुसले. मी मनातल्या मनात लग्नाची साडी काढून ठेवली.

बाई पुढच्या गोळ्याखाली जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या. "हा कडं घातलेला कोण?"

"शनी," भाऊ हौसेनं म्हणाले.

"केवढा आहे हो. पोरीच्या पत्रिकेत हा कुठं बसलाय, ते जरा विचारून घ्या."