चादरीखालचा सोफा

उज्वला : चादर राहू द्या ना, खंडेराव दादा. वरूनच माप घ्या.

खंडेराव : वरून कसं भागंल, ताई? फोम बसलाय का बघाया पाहिजे. साहेब फोनवर म्हणले, आईचा गुडघा बदललाय, बैठक टणक करून द्या.

उज्वला : हो, शनिवारी सासूबाईंना दवाखान्यातून इकडेच आणणार आहोत. मऊ सोफ्यात रुतल्या तर उठताच यायचं नाही त्यांना.

खंडेराव : मंग सरका बाजूला. अरारा! हे काय झालं?

उज्वला : हळू बोला.

खंडेराव : घरात तर कुणीच नाय. साहेब सातपूरला, कंपनीत.

उज्वला : तरी हळू बोला. परवा मंगळवारी मी भाजीला गेले होते. अर्धा तास, फार तर पाऊण. आले तर हॉलभर फोमचा भुगा.

खंडेराव : त्या तांबड्या कुत्र्याचं काम?

उज्वला : फुटाण्याचं. दिवाळीत त्यानं सोफ्याचा हात कुरतडला, तेव्हा हे म्हणाले, आता एकदा जरी दात लावला तरी ह्याला इगतपुरीला सोडून येईन, दिनेश भावजींच्या शेतावर. तिथे धो धो पाऊस, वर बिबट्याची भीती. आणि हा पंख्याखाली झोपणारा कुत्रा! कसा राहील तो?

खंडेराव : म्हणून ही शिवण तुम्हीच घातली का काय? गोधडीचे टाके हायेत हे.

उज्वला : मग काय करू? टाके घातले, वर चादर टाकली. दोन दिवस हे त्याच्यावर बसून टीव्ही बघताहेत, आणि माझा जीव टांगणीला. तुम्ही सगळंच कापड बदला, म्हणजे कळायचं नाही त्यांना. आणि असं कापड सांगा, जे ह्याला फाडताच येणार नाही.

खंडेराव : तसलं कापड अजून निघालं नाय, ताई. रेक्झिन नका घेऊ, एक दात लागला का सरळ चीर जाती. आन हे मोकळ्या विणीचं, दोऱ्यादोऱ्याचं बी नको, नख अडकलं का उसवत जातं. घट्ट विणीचं घ्या. चेन लावून देतो, काढून धुता येईल. आन त्याला चघळाया काहीतरी आणून ठेवा. कुत्र्याच्या तोंडाला बी काम लागतं.

उज्वला : तेच करा. शनिवारच्या आत होईल ना?

खंडेराव : होईल की. तुमचे टाके उसवतो आता. …ताई, ह्याच्यातला फोम कुठं टाकला तुम्ही?

उज्वला : कचऱ्यात. दोन-तीन मुठी होता.

खंडेराव : तीन मुठीच? हितं माझा हात कोपरापतुर आत जातोय. आन ही रबरी पट्टी बघा, बैठकीखालची. तुटलीय. वीतभर तुकडा नाय हिचा. गावला का तुम्हाला कुठं?

उज्वला : पट्टी? नाही. सोफ्याखालून झाडून काढलं होतं मी. नव्हती.

खंडेराव : कुत्रं कुठंय? मी आल्यापासून भुंकलं नाय. मागल्या टायमाला तर माझी पॅन्ट धरली व्हती.

उज्वला : बाल्कनीत पडलाय. मी परवा चप्पल उगारली ना त्याच्यावर, तेव्हापासून रुसलाय. काल जेवला नाही. सकाळी थोडं ताक पाजलं, तेही उलटून टाकलं.

खंडेराव : ताई, कुत्रं दोन दोन दिवस रुसत नाय.

उज्वला : असं नका बोलू.

खंडेराव : भ्या घालत नाय मी. आमच्या चुलत्याच्या गाईनं प्लास्टिक खाल्लं व्हतं, ती बी अशीच गप बसून ऱ्हायली. जावा, हाक मारून बघा त्याला.

उज्वला : फुटाण्या! ए बाळा, ऊठ. हे बघ कोण आलंय. ऊठ ना रे! दादा, हा नुसती शेपटी हलवतोय. पोटाला हात लावला की कण्हतोय.

खंडेराव : खाली टेम्पो हाय माझा. ती चादर आणा, तिच्यात घेऊ. आन साहेबांला फोन लावा.

उज्वला : यांना नको. आधी डॉक्टरांकडे नेऊ, मग बघू.

खंडेराव : लावा, ताई. दोन दिस लपवलं तेवढं बास झालं.

उज्वला : हॅलो, अहो…

सोमनाथ : मोठ्याने बोल, मशीन चालू आहे. खंडेराव आला का?

उज्वला : अहो, फुटाण्यानं सोफा फाडला.

सोमनाथ : परत? अगं, मी तुला बजावून सांगितलं होतं की…

उज्वला : ऐका ना! त्यानं आतली पट्टी गिळलीय वाटतं. उठत नाहीये तो. उलट्या होताहेत. मंगळवारी फाडला होता, मी तुम्हाला सांगितलं नाही.

सोमनाथ : मंगळवारी? आज गुरुवार आहे, उज्वला.

उज्वला : माहितेय मला.

सोमनाथ : कुठल्या दवाखान्यात नेताय? थांब, रडू नकोस, नीट पत्ता सांग. मी निघतोय.

(दुपारचे चार. जनावरांच्या दवाखान्याबाहेरचा बाक. तिघेही बसलेले.)

सोमनाथ : किती वेळ झाला आत नेऊन?

उज्वला : दीड तास. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आतड्यात अडकलंय, पोट उघडावंच लागेल. म्हणाले, परवाच आणला असता तर…

सोमनाथ : तर काय?

उज्वला : लगेच कागद पुढे केला. सही घेतली माझी.

सोमनाथ : मला का नाही सांगितलंस?

उज्वला : तुम्हाला माहीत नाही का?

सोमनाथ : अगं, रागाच्या भरात माणूस बोलतो.

उज्वला : तुम्ही बोलून मोकळे झालात. मी दिवाळीपासून रोज बाहेरून आले की आधी सोफा बघते, मग चपला काढते. बेल वाजली की ह्याला बाल्कनीत कोंडते. परवा तो भुगा बघितला ना, तेव्हा ह्यानं काही गिळलं असेल हे माझ्या मनातच आलं नाही. तुम्ही यायच्या आत सगळं आवरायचं, एवढंच होतं डोक्यात.

सोमनाथ : दिनेशला मी फोनसुद्धा केला नव्हता कधी.

उज्वला : ते मला कसं कळणार?

खंडेराव : साहेब, चहा घ्या. ताई, तुम्ही बी घ्या, सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या.

सोमनाथ : खंडेराव, आज तुझा सगळा दिवस गेला.

खंडेराव : जाऊ द्या. पट्टी म्याच ठोकली व्हती, चार वर्साखाली. फोमखालून जाड कापड मारलं असतं तर त्याचं तोंड पट्टीपतुर गेलं नसतं. तवा सुचलं नाय.

सोमनाथ : आता मार. वरचं कापड तू म्हणशील ते. आईला पण मी सांगतो, सोफा शनिवारी झाला नाही तर दोन दिवस पलंगावर बसेल ती. घाई करू नकोस. आतलं काही उघडं राहायला नको.

उज्वला : दार उघडलं. डॉक्टर बोलावताहेत. अहो, तुम्ही जा. मला ऐकवणार नाही.

खंडेराव : बसा दोघं. मी इचारून येतो.

सोमनाथ : माझा हात धर.

उज्वला : काही बोलू नका आता.

खंडेराव : ताई! निघाली पट्टी. आन फोमचा ह्यो एवढा गोळा. थोडं आतडं कापावं लागलं म्हणे. डोळं उघडलेत. चार दिस हितंच ठेवतील, तवर खात्री देता येत नाय म्हणत्यात, पण डोळं उघडलेत. दोन मिनिटं भेटा म्हणले.

उज्वला : चला. अहो, चला ना. थांबलात का?

सोमनाथ : मी आत आलो तर घाबरेल का गं तो?

उज्वला : हळू बोला, म्हणजे झालं.