चार गेली, चार आली

(छोटा विमानतळ. दोन खुर्च्यांचं विमान. डाव्या खुर्चीत निवृत्त एअर मार्शल, उजव्या खुर्चीत त्यांची बायको. दोघांच्या कानांवर हेडफोन. टॉवरमध्ये त्यांची लेक.)

डावी खुर्ची : ...म्हणून आज नाही तर कधीच नाही. उद्यापासून परवाना बंद. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात वर केलेत.

उजवी खुर्ची : बसलेय ना? पट्टा जरा सैल करा, श्वास घेऊ द्या.

डावी खुर्ची : वर नेईन असं लग्नात कबूल केलं होतं तुला.

उजवी खुर्ची : लग्नात बरंच कबूल केलं होतंत. सुट्टी मोठी आहे म्हणालात, हळद उतरायच्या आत तार आली नि नवरदेव उडाले.

टॉवर : बाबा, सगळं ऐकू येतंय. इंजिन सुरू करा.

डावी खुर्ची : रेडिओवर बाबा म्हणायचं नाही.

टॉवर : बरं, बाबा.

उजवी खुर्ची : अगं बाई! मिक्सरच आहे हा.

टॉवर : निघताय, की शोभेला उभे आहात?

डावी खुर्ची : ब्रेक सोडलेत. जोर देतोय. हलतच नाही!

उजवी खुर्ची : अहो, माझ्या बाजूच्या चाकाखाली पिवळे ठोकळे आहेत. ते तसेच ठेवायचे असतात का?

टॉवर : टॉवर हसत नाहीये, बाबा. अजिबात नाही.

उजवी खुर्ची : आणि मघाशी रिकाम्या मैदानाला अंगठे कशाला दाखवत होतात?

डावी खुर्ची : ठोकळे काढा म्हणून. अख्खी नोकरी असे अंगठे बाहेर केले की ठोकळे निघायचे.

उजवी खुर्ची : आपोआप?

डावी खुर्ची : खालची माणसं काढायची. खांद्यावरच्या पट्ट्या वाढल्या तशी माणसंही वाढली.

उजवी खुर्ची : तरीच घरी पाण्याचा ग्लास तुमच्यापर्यंत चालत यायचा. बंद करा ते. मी काढते.

डावी खुर्ची : तू नको. मी उतरतो.

उजवी खुर्ची : गुडघा वाकतो का तुमचा?

डावी खुर्ची : तू उतरलीस तर परत चढणार नाहीस.

उजवी खुर्ची : का नाही चढणार?

डावी खुर्ची : त्या दिवसानंतर माझं विमान निघालं की तू मान वर केली नाहीस कधी.

उजवी खुर्ची : गच्चीवरून विमानं मोजायचे मी. चार गेली होती, तीन आली. वाळत घातलेली चादर हातात धरून मी गच्चीवर उभी. आणि दिवेलागणीला फोन कसला, तर दुसरीकडे उतरलोय, तू जेवून घे!

डावी खुर्ची : ढग होते गं. इंधन संपत आलं होतं.

उजवी खुर्ची : माहितीये. जेवले नव्हते मी.

डावी खुर्ची : ...इंजिन बंद. पंखा पूर्ण थांबू दे, मग उतर.

उजवी खुर्ची : (रिकामी)

डावी खुर्ची : टॉवर, मला खालचं दिसत नाही. काय करतेय ती?

टॉवर : दोन्ही बाजूंचे काढले. हात झटकतेय. आता चालायला लागली.

डावी खुर्ची : फाटकाकडे?

टॉवर : बाबा, समोर बघा.

डावी खुर्ची : अरे! दोन्ही अंगठे बाहेर. हात कसे ताठ धरलेत बघ!

टॉवर : सॅल्यूट करा तिला.

डावी खुर्ची : केव्हाच केला.

उजवी खुर्ची : सरका. ठोकळे मागे टाकलेत, उतरल्यावर लागतील. चला आता.

टॉवर : धावपट्टी मोकळी आहे. उड्डाणाला परवानगी.

उजवी खुर्ची : अहो... अहो हळू... अय्या, सुटली जमीन!

डावी खुर्ची : घाबरलीस?

उजवी खुर्ची : घाबरलेच आहे. मजेत घाबरू द्या की जरा! माझ्या बाजूला वळवा. केवढ्याशा गच्च्या त्या! इतक्या वरून मी दिसायचे का हो तुम्हाला?

डावी खुर्ची : तू नाही, चादरी दिसायच्या. पंख हलवायचो मी.

उजवी खुर्ची : आणि मी म्हणायचे, केवढा वारा सुटलाय वर.

टॉवर : आई, ठिपका झालात तुम्ही.

उजवी खुर्ची : मोजतेयस ना गं?

टॉवर : एक गेलंय. कधी येताय परत?

उजवी खुर्ची : तू जेवून घे.