ओट्यावरचा निरोप

नूतन : ते वासरू नानांनी तुला न विचारताच दिलं होतं ना?

अक्का : त्यास्नी बहिणीले दिधं. मले सांगं बी नही. मग मी बी बोलनं बंद करं.

नूतन : वैशाखातल्या आखाजीला धरलेला अबोला पोळा आला तरी सुटला नव्हता. बाबांनी मला शिरपूरच्या शाळेत घातलं, तुमच्याकडे ठेवलं, आणि इथे काका-काकू एकमेकांशी बोलत नव्हते. मला वाटलं, निरोप न्यायलाच मला आणलंय.

अक्का : तूच तं निरोप लई जाये. मी चुलीजवळ, ते ओट्यावर.

नूतन : तू म्हणायचीस, त्या माणसाला सांग, भाकर झाकून ठेवलीये, खायची तर खा. मी ओट्यावर जाऊन सांगायचे, नाना, भरीत गरम आहे, अक्का तुमच्यासाठी थांबलीये.

अक्का : आन ते सांगेत, भूक नही. तू येइसन मले सांगे, नाना हात धुई ऱ्हायनात.

नूतन : हे तुला कुणी सांगितलं?

अक्का : पोरी, ओटा आन चूल, मधमा एक कुडाची भिंत. बठ्ठं ऐकू ये. त्यास्ले बी ये.

नूतन : मग मी निरोप बदलते, हे तुम्ही दोघं कधी बोलला कसे नाहीत?

अक्का : तुना निरोप ऐकाले बरं वाटे. आन तू हात धुई ऱ्हायनात सांगं, की त्यास्ले उठनं पडे.

नूतन : मला तुमच्यासारखंच लग्न हवं होतं गं. पियुषला हो म्हटलं तेव्हा तुम्हीच दोघं डोळ्यासमोर होता. आणि त्यानं मला न विचारता सुरतची बदली घेतली. सोमवारी निघतोय. मी बॅग भरून जळगावहून थेट तुझ्याकडे आले. महिनाभर बोलणं नाही. मोबाइलवर नुसतं, दूध संपलं, गॅस आला. आमच्याकडे निरोप न्यायलाही कुणी नाही.

अक्का : तुले जावानं शे का त्याना संगे?

नूतन : जायचंय. पण त्यानं एकदा तरी चल म्हणावं.

अक्का : नाना गयात तवयपाइन मी रोज सांजले ओट्याकडे पाहीसन सांगस, भाकर झायी. कोणी उठस नही. भांडाले बी कोणी नही ऱ्हायनं, नूतन.

नूतन : मलाही फार आठवतात गं. धोतराला हात पुसत यायचे, आणि तुझ्याकडे न बघता तुझ्याच शेजारी बसायचे.

अक्का : तो फोन काढ. लाव त्याले.

नूतन : मी बोलणार नाही.

अक्का : तू नको बोलू. जाय, ओट्यावर बस.

(फोनवर) पियुष का? मी नूतननी अक्का. हां, आठेच शे. ती सांगस, मले सुरतले तुमना संगे येवानं शे, लेवाले या. हां... हां... बरं.

नूतन : अक्का, असं मी कधी म्हटलं?

अक्का : ओट्यावर ऐकू उनं का?

नूतन : सगळं. तो काय म्हणाला?

अक्का : सकायले येस म्हने. तुले इचारं नही, ते चुकनं म्हने.

नूतन : खरंच असं म्हणाला?

अक्का : तू ओट्यावरथीन निरोप आने, तवय मी कधी इचारं का तुले, नाना खरंच असं सांगनात का?